अड्डा कोणाचा?

ऑनलाइन गेमिंगचा इतिहास सांगताना बहुतेक जण संगणकापासून सुरुवात करतात. मला ती शब्दकोड्यापासून करावीशी वाटते. पन्नासच्या दशकात बंगळुरूहून निघणारे 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे एक साप्ताहिक मुंबई राज्यात जोरात खपत असे. त्यात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची बक्षिसाची शब्दकोडी येत. ठिकठिकाणी संकलन केंद्रे होती, तिथे प्रवेशिका आणि प्रवेश शुल्क गोळा होई. मुंबई सरकारने आपल्या १९४८च्या कायद्याने त्यावर कर लावला आणि प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीचा युक्तिवाद आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल : हा जुगार नाही, शब्दज्ञानाचा खेळ आहे. मुंबई उच्च न्यायालयात कंपनी जिंकली. एप्रिल १९५७मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. सूत्र असे दिलेले की दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसावेत. 'बरोबर' उत्तर मात्र आधीच लिहून लखोट्यात बंद. मग जुळवायचे ते शब्द नव्हेत, नशीब. जुगार हा मुळात व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षणही नाही, असे न्यायालयाने ठरवले.

कायद्याच्या अभ्यासकांना या निकालात 'कौशल्य की नशीब' हा वाद दिसतो. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कोडे सोडवणारे लोक आधीपासून होते. कचेरीत, चाळीच्या कठड्यावर डोकी एकत्र करून सूत्रावर वाद घालणारे लोक कोणत्याही कंपनीने निर्माण केले नव्हते. कंपनीने फक्त त्या घोळक्यात एक पेटी नेऊन ठेवली. इंटरनेटवर गेली तीस वर्षे हेच वेगवेगळ्या रूपांत घडत आले आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पण उपनगरांत ते पोहोचले सायबर कॅफेतून. बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला, अंधेरीत, घाटकोपरला गाळ्यागाळ्यांतून आठ-दहा संगणक, प्लायवूडचे आडोसे आणि सॉक्स-बुटांचा वास अशी ही दुकाने होती. कागदोपत्री तिथे ईमेल पाहायला यायचे. प्रत्यक्षात शाळा-कॉलेजची मुले 'काउंटर-स्ट्राइक' खेळायला यायची. खेळ चालायचा तो दुकानातल्या दुकानात, एका केबलने जोडलेल्या संगणकांवर. शत्रू शेजारच्या खुर्चीत बसलेला असायचा आणि हरला की त्याच खुर्चीतून शिवी यायची.

या खेळाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. तो कोणत्या कंपनीने काढलेला नव्हता. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा 'हाफ-लाइफ' हा खेळ १९९८मध्ये आला. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी त्यावर कलम करून १९९९मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' बनवला आणि फुकट वाटला. त्यातले 'डस्ट' हे प्रसिद्ध रणांगण तर डेव्ह जॉन्स्टन या किशोरवयीन इंग्रज मुलाने रचले. खेळणाऱ्यांचा जमाव वाढला, तेव्हा कंपनीने खटला भरला नाही. हक्क विकत घेतले, त्या दोघांना नोकरी दिली आणि २०००मध्ये तोच खेळ दुकानात आणला. हौशी लोकांशी वागण्याची याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही. अर्थात, बोरिवलीतल्या गाळ्यात खेळली जाणारी प्रत विकत घेतलेली असेल, याची हमी मी देणार नाही.

आपल्याकडे त्याच सुमारास दुसरा अड्डा भरत होता, लिहिणाऱ्यांचा. २००४च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा पीटर ग्रिफिन, दीना मेहता, रोहित गुप्ता या मुंबईशी निगडित ब्लॉगरांनी एक ब्लॉग सुरू केला आणि कुठे काय मदत हवी याची माहिती त्यावर जगभरातून येऊ लागली. पुढच्या वर्षी २६ जुलैला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही अशी धडपड झाली. कंपन्यांना या जमावाचे काय करावे हे तोवर कळलेले नव्हते. ते किती कळले नव्हते, याचा दाखला त्याच वर्षी मिळाला.

जून २००५मध्ये रश्मी बन्सल यांच्या मुंबईतल्या 'जॅम' या तरुणांच्या नियतकालिकाने आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेच्या जाहिरातींतले दावे तपासणारा लेख छापला. गौरव सबनीस या मराठी तरुणाने आपल्या ब्लॉगवर त्याचा दुवा देऊन दोन शब्द लिहिले. तो तेव्हा आयबीएममध्ये नोकरीला होता. संस्थेने त्याला सव्वाशे कोटींच्या दाव्याची नोटीस पाठवली. त्याने लिहिल्यानुसार, दबाव त्याच्या कंपनीवरही आला : संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आयबीएमचे लॅपटॉप जाळण्याची भाषा केली. कंपनीने त्याला काही करायला सांगितले नव्हते. पण आपल्यापायी मालकाची अडचण नको म्हणून ऑक्टोबर २००५मध्ये त्याने स्वतःहून राजीनामा दिला, मजकूर मात्र काढला नाही. दोन दिवसांत देशभरातले ब्लॉगर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि 'जॅम'च्या मर्यादित वाचकांपुरता असलेला लेख सगळ्यांनी वाचला. पुढे २०१३मध्ये ग्वाल्हेरच्या एका न्यायालयाच्या आदेशावरून या संस्थेविषयीची सत्तरहून अधिक पाने देशात बंद करण्यात आली. त्यांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या स्वतःच्या सूचनेचे पानही होते!

धमकी महागात पडते हा धडा कंपन्या लवकरच शिकल्या. त्यांनी जमावाशी गोड बोलायचे ठरवले, आणि माझ्या मते खरा धोका तिथूनच सुरू झाला. नोटीस आली की निदान समोर कोण आहे ते कळते. कंपनी मित्र म्हणून ओट्यावर येऊन बसली की कळत नाही.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि सायबर कॅफे एकेक करून झेरॉक्सची दुकाने झाली. मार्च २०१८मध्ये 'पबजी मोबाइल' आला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, शेवटी उरेल तो जिंकतो. चौघांची टोळी करता येते आणि चौघे एकमेकांशी बोलू शकतात. खरे व्यसन गोळीबाराचे नव्हते, त्या बोलण्याचे होते, असे मी आमच्या सोसायटीतल्या मुलांकडे पाहून म्हणतो. मुलुंडचा मुलगा नाशिकच्या मावसभावाबरोबर रात्री बारापर्यंत गप्पा मारायचा. बंदुका आपल्या निमित्ताला.

खेळ फुकट होता. पैसे लागत ते पोशाख, बंदुकीचे रंग, 'रॉयल पास' यांना. जिंकायला त्यांचा उपयोग नाही, चारचौघांत मिरवायला मात्र आहे. म्हणजे विकले जात होते ते चारचौघे. स्पर्धा भरवल्या गेल्या, त्यांतून नायक निघाले. मुंबईचा नमन माथुर ऊर्फ 'मॉर्टल' याच्या 'सोल' संघाने २०१९मध्ये हैदराबादची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि त्याचा खेळ थेट पाहायला लाखो मुले यूट्यूबवर जमू लागली. कंपनीला जाहिरात वेगळी करावी लागलीच नाही.

मग २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अखाली ११८ अॅपवर बंदी घातली, त्यांत हा खेळ होता. एका संध्याकाळी अड्डाच गेला. जुलै २०२१मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आणला. रक्त हिरवे केले, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आणि खर्चाची मर्यादा ठेवली रोजची सात हजार रुपये. शाळकरी मुलाला रोज सात हजार पुरतील, अशी ही काळजी! जुलै २०२२मध्ये तोही दुकानांतून काढला गेला, मे २०२३मध्ये परतला. प्रत्येक वेळी मुलांना कळले की मित्रांची यादी, नाव, पदव्या यांतले काहीच आपले नाही. सायबर कॅफे बंद झाला तरी शेजारच्या खुर्चीतला मुलगा गल्लीत भेटायचा. इथे टोपणनावापलीकडे ओळखच नव्हती.

पैशांचे खेळ याच काळात वाढत होते. मुंबईच्या 'ड्रीम इलेव्हन'ची स्थापना हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८मध्ये केली. दोन्ही संघांतल्या खेळाडूंमधून शंभर गुणांच्या अंदाजपत्रकात अकरा जण निवडायचे. कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. एप्रिल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यात कौशल्य आहे असे मानले, म्हणजे चमारबागवालांचाच युक्तिवाद बासष्ट वर्षांनी तरला. पुढच्याच वर्षी ही कंपनी आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली, २०२३मध्ये भारतीय संघाच्या छातीवर तिचे नाव आले.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने सत्तर वर्षांचा वाद एका वाक्यात बाजूला सारला : पैसे लावून जिंकायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला दोन. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही त्यातली न्याय्य गोष्ट. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ वेगळे काढले आहेत. कौशल्याचा प्रश्न मुळात चुकीचा होता, असे मलाही वाटते. कोण किती हरतो आणि त्याला थांबवायला जवळ कोणी आहे का, हे विचारायला हवे होते. ओट्यावर पत्ते खेळताना कोणी पगार लावायला निघाला, तर उरलेले तिघे त्याला उठवून घरी पाठवत. अॅपला तसे करण्यात काहीच रस नव्हता. उलट त्याच्याकडे रात्री दोन वाजता 'आणखी एक डाव' असा निरोप जाई.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणारा आमचा गाडीतला ग्रुप या अॅपच्या कितीतरी आधीचा. भजनाचे टाळ, वाढदिवसाचे पेढे, अडीनडीला वर्गणी. ड्रीम इलेव्हनवर आपापसांत खासगी स्पर्धा भरवायची सोय होती, तिचा कोड सकाळी मालाड येईपर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेलेला असे. २२ ऑगस्टला कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. सप्टेंबरात आशिया चषक सुरू झाला, भारतीय संघाच्या छातीवर कोणाचेच नाव नव्हते. त्या आठवड्यात ग्रुपमधल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी शंभर पानी वही काढली. संघ त्यांना तोंडी सांगायचे, गुण ते रात्री घरी बसून मांडतात, कर्णधाराला दुप्पट. शेवटच्या नंबरवाल्याने सगळ्यांना चहा पाजायचा. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात चहा बसतो का, हे अजून कोणी विचारलेले नाही.