रेटिंग सहाच आहे, ऐकू का?

सोलापुरातल्याच एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला: "नवा अल्बम ऐकू का? रेटिंग सहाच आहे." आज त्यावरच बोलू.

मी दिवसभर कोड लिहितो, आकडा दिसला की विश्वास बसतो. पण रिव्ह्यूतला आकडा म्हणजे मोजमाप नाही, एका माणसाचं त्या काळातलं मत आहे. अमेरिकेची इंडी रॉक गायिका लिझ फेअर हिने 2003 मध्ये सरळ पॉप अल्बम केला. पिचफोर्कने दहापैकी चक्क 0.0 दिले. पुढे 2019 मध्ये त्या समीक्षकाने तिची जाहीर माफी मागितली, आणि 2021 मध्ये पिचफोर्कनेच गुण 6.0 केले. गाणी तीच, पॉपकडे बघायची नजर बदलली.

आता आपल्या जिल्ह्यातलं बघा. करमाळ्याकडच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट', 2016. अजय-अतुलची चारच गाणी. 'याड लागलं'मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा, तर 'झिंगाट' थेट वरातीत. दोन्हींचा मिळून एक आकडा काढाल, पण त्यातून कळणार काय?

म्हणून आकडा सोडा, कारण वाचा. "गिटार फार गोंगाटी" असं लिहिलंय आणि तुम्हाला गोंगाटच आवडतो? मग तो सहाचा अल्बम तुमच्यासाठी नऊचा.

मी स्वतः एक अल्बम रेटिंग बघून वर्षभर टाळला. मग पुण्याहून येताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये लावला, दौंड ते कुर्डुवाडी दोनदा ऐकला. वर्ष वाया गेलं राव!

तर मित्रा, ऐक. मग सांग, सहा का ते.