घरी राइट केलेला आवाज

माइकसमोर बसलेल्या माणसाची पहिली दोन-तीन मिनिटं फुकट जातात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. "सुरू झालं का?" "इथं बोलू?" "एवढं जवळ धरायचं?" मग घसा खाकरणं, पदर सारखा करणं, खुर्ची पुढे ओढणं. हेडफोन लावून मी रेकॉर्डिंग चालूच ठेवायचे आणि रात्री बसून ही मिनिटं कापून टाकायचे. माणूस मुद्द्यावर आला की तिथून संदेश सुरू.

२००२ पासून सात-आठ वर्षं मी हे काम केलं, सांगलीत, आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर. गल्लीतल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी बंगळूरला, न्यू जर्सीला नाहीतर दुबईला होतं. फोन होते, पण आयएसडीवर बोलताना नजर घड्याळावर असायची. तब्येत, हवा, पैसे मिळाले का, एवढं विचारून होईतो ठेवायची वेळ यायची. ज्या आजीला नातवाला गोष्ट सांगायची होती, ज्या आजोबांना मुलाला जमिनीच्या वाटणीचा सगळा इतिहास एकदा नीट ऐकवायचा होता, त्यांचं फोनवर भागत नव्हतं. अशी माणसं दुपारची यायची, तासभर बोलायची, आणि दोन दिवसांनी मी त्यांच्या हातात एक सीडी ठेवायचे. पैसे घेत नव्हते. ब्लँक सीडी ज्याची त्याने आणायची, एवढाच नियम.

बोललेलं पत्र ही कल्पना माझ्या पणजीच्याही आधीची आहे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी एका मासिकात त्याने या यंत्राचे होऊ शकणारे उपयोग लिहिले, त्यांत पहिलाच उपयोग पत्रलेखनाचा होता. अंधांसाठी बोलकी पुस्तकं त्या यादीत होती, आणि घरातल्या माणसांच्या आठवणी, अगदी अखेरच्या घटकेचे शब्दसुद्धा, त्यांच्याच आवाजात जपून ठेवायची कल्पनाही होती. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि हे पत्र खरोखरच घरोघर पोचलं. आखातात कामाला गेलेल्यांच्या घरी कॅसेटी जायच्या-यायच्या. पण कॅसेट पुसली जाते. मुलाचं बोलणं असलेल्या कॅसेटवर धाकट्याने सिनेमाची गाणी भरली, हे दुःख मला एका शेजारणीने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर ते होत नाही. तिच्यावर आवाज बसला की कायमचा बसला, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यातही मी ऑडिओ सीडीच करायचे. एमपीथ्री फाइली घालून त्याच सीडीवर दहा-बारा तासांचं बोलणं सहज मावलं असतं. पण ती सीडी कशात लागेल आणि कशात लागणार नाही, याचा भरवसा नसायचा. ऑडिओ सीडी मात्र शोकेसमधल्या व्हीसीडी प्लेयरमध्ये लागायची, गाडीत लागायची, अमेरिकेतल्या जवळपास कुठल्याही म्युझिक सिस्टिमवर लागायची. कारण तिचे नियम सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० साली ठरवले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या दुकानांत पहिला प्लेयर आला तेव्हापासून ते बदलले नाहीत. ज्या आजोबांनी आयुष्यात माऊस धरला नव्हता, ते रिमोटवरचं तीन नंबरचं बटण दाबून नातीचा आवाज ऐकू शकायचे.

हे नियम संगीतासाठी केलेले आहेत, आणि बोलणाऱ्या माणसाला ते फार उदारपणे वागवतात. सीडी आवाजाचं मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेते. हा विचित्र आकडा आला तो व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत. चित्राच्या एका रेषेत तीन मोजमापं, कामाच्या २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा: गुणाकार केला की ४४,१०० येतात. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं आणि मोजमाप त्याच्या दुपटीहून अधिक वेळा घ्यावं लागतं, त्यात हा आकडा नेमका बसला. शिवाय सीडीला डावा आणि उजवा असे दोन्ही बाजूंचे आवाज लागतातच. एकाच माइकवर बोललेली आजी दोनदा लिहिली जाते. मिनिटाला सुमारे १० एमबी जागा जाते, आणि तंबोऱ्याच्या तारेसाठी आखलेली ही सगळी ऐसपैस जागा बोळक्या तोंडातून आलेल्या एका 'बाळा'ला मिळते. फोनची यंत्रणा आवाजाचा वरचा भाग छाटून टाकायची. इथे 'स' आणि 'श' वेगळे ऐकू येतात, दोन शब्दांमध्ये घेतलेला श्वास ऐकू येतो. मुलं मला सांगायची, आई फोनवर असते त्यापेक्षा सीडीत जास्त जवळ आहे. त्याचं कारण हेच.

माझं सामान साधं होतं. असेम्बल केलेला पीसी, मदरबोर्डवरचंच साउंड कार्ड, मागच्या गुलाबी भोकात खुपसलेला स्वस्तातला माइक. कॉम्प्युटरबरोबर मिळणारा साधा रेकॉर्डर एका मिनिटाला थांबायचा आणि बटण पुन्हा दाबावं लागायचं. बोलणाऱ्याची लय त्यात मोडायची. मग भाच्याने ऑडॅसिटी घालून दिलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, २००० मध्ये ते सगळ्यांसाठी फुकट खुलं झालं. त्यात आवाज निळ्या लाटांसारखा पडद्यावर दिसतो, आणि शिवणकाम येणाऱ्या बाईला तो कापायला वेगळं शिकावं लागत नाही.

खरी मेहनत खोलीत होती. पंखा बंद करायचा, म्हणजे एप्रिलमध्ये घाम पुसत बोलायचं. कॅबिनेटची घरघर येऊ नये म्हणून ते टेबलाखाली सरकवायचं, बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर गोधडी टाकायची, म्हणजे भिंतीवरून आवाज परत येत नाही. अर्थिंग नीट नसलेल्या घरात एक बारीक गुणगुण रेकॉर्ड होते. ती विजेचीच, सेकंदाला ५० कंपनांची. आणि माइक तोंडासमोर धरायचा नाही, गालाच्या बाजूला धरायचा. मराठीत हे फारच जपावं लागतं, कारण 'भ', 'फ', 'प' म्हणताना ओठांतून वाऱ्याचा झोत सुटतो आणि माइकवर धप्पकन आदळतो. भाऊ, भाची, भावजय, पुतण्या: ज्यांना हाक मारायला माणूस बसलेला असतो, नेमकी त्यांचीच अक्षरं फुटतात. माइकवर तलम रुमाल बांधला की बरंच निभतं.

जुनी माणसं सुरुवातीला ओरडून बोलतात. ट्रंक कॉलची सवय. डिजिटल रेकॉर्डिंगला वर एक छत असतं, आवाज त्याला टेकला की लाटेचं टोक सपाट होतं आणि मग ते कशानेही दुरुस्त होत नाही. म्हणून मी पातळी आधीच कमी ठेवायचे. पाच मिनिटांनी ती विसरतात की समोर यंत्र आहे, आवाज खाली येतो आणि बोलणं खरं सुरू होतं.

एक चूक मी पुष्कळदा केली. ऑडॅसिटीमध्ये मागची घरघर पुसायची सोय आहे: शांत जागेतला नमुना दाखवायचा, सॉफ्टवेअर तेवढा आवाज सगळीकडून वजा करतं. हात जरा सैल सुटला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. एका मास्तरांच्या बोलण्यातल्या तर मी सगळ्या थांबण्याच्या जागाही काढून टाकल्या होत्या, पाऊण तासाचं बोलणं अर्ध्या तासात बसवलं. महिन्याने मुलीचा निरोप आला, "बाबा इतक्या घाईत का बोलतायत? बरे आहेत ना?" त्यानंतर मी श्वास कापला नाही. खोकल्याची उबळ काढायचे, श्वास ठेवायचे.

ब्लँक सीडीला आधीपासून एक बारीक नागमोडी खाच असते, आतून बाहेर गोल गोल जाणारी, साधारण पाच-सहा किलोमीटर लांब. तिच्यावर रंगद्रव्याचा पातळ थर. रायटरमधला लेसर तो थर ठिकठिकाणी भाजतो. भाजलेल्या जागेवरून प्रकाश कमी परततो, प्लेयर तो फरक वाचतो. काम झाल्यावर सीडी तिरपी धरली तर भाजलेला पट्टा जरा गडद दिसतो. आवाज कुठपर्यंत पोचला आहे ते डोळ्यांनी बघता येतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

राइट करताना घरात सगळ्यांना ताकीद असायची, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. जुन्या रायटरला हार्ड डिस्ककडून माहिती यायला क्षणभर उशीर झाला तरी लेसर थांबायचा, आणि एकदा थांबला की सीडी फुकट. सान्योने २००० मध्ये यावर उपाय काढला, लेसर थांबून त्याच जागेवरून पुढे लिहू लागला. पण भारनियमनावर तो उपाय चालत नव्हता. माझा यूपीएस बारा मिनिटं टिकायचा. ५२ पट वेग असला तरी मी आठपटच ठेवायचे, कारण सावकाश लिहिलेली सीडी जुन्या प्लेयरमध्ये अडखळत नाही, असा माझा अनुभव होता. पूर्ण भरलेल्या सीडीलाही त्या वेगाने दहाच मिनिटं लागतात. बारात दहा बसायचे.

सीडीवर ९९ ट्रॅक करता येतात आणि घरच्या संदेशांना हे वरदान आहे. एक नंबर सगळ्यांना मिळून, दोन थोरल्याला, तीन सुनेला, चार नातीला. प्रत्येकाला आपला नंबर. तो एकट्याने ऐकायची मुभा. नावं प्लेयरच्या पडद्यावर उमटवायची सोय सीडीत होती, पण तिला देवनागरी येत नव्हती. म्हणून मी आतल्या कागदावर हाताने यादी लिहायचे. सीडीवर चिकटवायची गोल लेबलं मी कधी वापरली नाहीत. आपल्याला वाटतं खालची चकाकती बाजू नाजूक. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे. खरा थर वरच्या, छापाच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. लेबल सोलताना तोच निघून येतो.

२००६ च्या दिवाळीआधी माझी आत्या बोलायला बसली. वय ८१. मुलगा न्यू जर्सीत, त्याची तीन मुलं. आत्या आठवडाभर रोज दुपारी आली. तिने भाजणीचं प्रमाण सांगितलं, कृष्णेच्या पुरात घर सोडलं ती रात्र सांगितली, कुळाचार सांगितले, प्रत्येक नातवंडाला त्याच्या बारशाची हकिकत सांगितली. सगळं मिळून ६८ मिनिटं, १३ ट्रॅक. त्या वेळी पहिल्यांदाच मी सुरुवातीची ती फुकट मिनिटं फेकली नाहीत. सात दुपारचे सात तुकडे जोडून शेवटी चौदावा ट्रॅक केला. यादीत मात्र त्याला काही नाव दिलं नाही. दोन प्रती काढल्या, एक तिकडे गेली, एक माझ्याकडे राहिली. आत्या २०११ मध्ये गेली. तिकडची प्रत घर बदलताना हरवली.

मागच्या उन्हाळ्यात आत्याच्या मुलाचा फोन आला, आईची सीडी आहे का गं तुझ्याकडे? होती, माळ्यावरच्या डब्यात. लॅपटॉपला आता सीडीची फटच नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. रंगद्रव्य उन्हाने, उष्णतेने फिकं पडतं, दमट हवेत थर सुटतात. ज्यांच्या घरी अशा सीडी आहेत त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही, कारण खाचेच्या दिशेने गेलेला ओरखडा सगळ्यात वाईट. आडव्या ओरखड्याला सीडी पुरून उरते: आवाजाचे तुकडे लांब लांब विखरून ठेवलेले असतात आणि त्यांना रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये काढलेल्या पद्धतीची जोड असते, त्यामुळे खाचेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर पुसलं गेलं तरी बाकीच्यांवरून ते भरून काढता येतं. उतरवून घ्यायला मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरलं. जर्मनीतल्या आंद्रे वीथॉफने केलेलं हे सॉफ्टवेअर शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि पुरेशी उत्तरं जुळली तरच ती खरी मानतं.

पहिले बारा ट्रॅक अर्ध्या तासात आले. तेराव्याला दीड तास लागला. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचं बोलणं अगदी कडेला, जिथे बोटं लागतात, जिथून हवा शिरते. चौदाव्यावर ड्राइव्ह घुरघुरत राहिला. वेग सगळ्यात कमी केला आणि रात्रभर चालू ठेवून झोपले. सकाळी पाहिलं तर बहुतेक भाग कोरा होता, मधले ४० सेकंद तेवढे जुळले होते. हेडफोन लावला. खुर्ची ओढल्याचा आवाज, बांगड्या, मग आत्या:

"अगं, सुरू केलंस का? थांब जरा, मला पाणी पिऊ दे. तो ऐकेल ना गं सगळं? मध्येच बंद नाही ना करणार?"

मी त्याला आधी तोच ट्रॅक पाठवला.