हौसेचा मासा : खावा, वाटावा की विकावा?



पावसाळा ओसरला की आपल्या मंडळींपैकी बरेच जण सुट्टीच्या दिवशी गळ आणि कणकेच्या गोळ्या घेऊन गड्डेन्ना प्रोजेक्टच्या काठावर जाऊन बसतात. काही जण बासरकडे गोदावरीवर जातात, तर काही आपापल्या गावच्या तळ्यावर. या छंदाला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. सकाळचा वेळ मोकळ्या हवेत जातो, मुले मोबाइल खाली ठेवतात आणि संध्याकाळी घरात कालवण होते. मात्र एक प्रश्न मंडळाच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघतो. मासा घरच्या गरजेपेक्षा जास्त लागला, तर उरलेला विकायला काय हरकत आहे? "पेट्रोलचा खर्च तरी निघतो," असे म्हणणारे आपल्यात आहेत. "तो आपला धंदा नव्हे," असे म्हणणारेही आहेत. या प्रश्नाची दोन्ही अंगे नीट समजून घ्यावीत, म्हणून हा लेख.

या पाण्यातला मासा येतो कुठून?

भैंशाचा सुद्दा वागु महाराष्ट्रात भोकरच्या बाजूने येतो. तिकडे त्याला सुधा नदी म्हणतात. १९५६ पर्यंत भैंसा, मुधोळ आणि कुबीर हा भाग नांदेड जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि २०१६ पासून आपण निर्मल जिल्ह्यात आहोत. सीमा बदलल्या, वागु तोच राहिला. पूर्वी त्यात मरळ, शिवडा, वाम, झिंगे असे जे काही होते, ते आपोआप वाढलेले होते. म्हणून जुनी माणसे म्हणतात, "नदीचा मासा सगळ्यांचा." त्यांचे म्हणणे त्या काळापुरते खरे होते.

धरण झाल्यावर चित्र बदलले. आज जलाशयात आणि तळ्यांत गळाला लागणारा मासा बहुतेक वेळा कटला, रोहू किंवा मृगळ असतो. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यात त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. तेलंगण सरकारने २०१६ पासून हे बीज मच्छीमारांसाठी पूर्ण अनुदानावर द्यायला सुरुवात केली. लहान तळ्यांत साधारण ३५ ते ४० मिलिमीटरचे आणि बारमाही जलाशयांत ८० ते १०० मिलिमीटरचे बीज सोडतात. बोटाएवढे ते पिल्लू किलोभर व्हायला वर्षाच्या आसपास लागते.

म्हणजे हा मासा पेरलेला आहे. ज्याच्यासाठी पेरला, ती माणसेही ठरलेली आहेत. तळी मच्छीमार सहकारी संस्थांना भाडेपट्ट्याने दिलेली असतात, तर मोठ्या जलाशयांत परवान्याने मासेमारी चालते. आपल्याकडे गंगपुत्र (बेस्त) आणि मुदिराज समाजातील, तर नांदेडच्या बाजूला भोई समाजातील अनेक घरे या पाण्यावरच जगतात. बीज सरकारचे, पैसा करदात्यांचा, मग आपलाही त्यात वाटा आहेच, असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. पण रेशनच्या धान्यालाही करदात्यांचाच पैसा लागतो. तो कुणासाठी खर्च करायचा हे ठरलेले असते.

दोन मासे विकले तर काय बिघडते?

एका माणसाने एकदा दोन मासे विकले, तर बाजार कोसळत नाही, हे उघड आहे. अडचण येते ती भावात.

मच्छीमाराच्या भावात त्याचे जाळे, होडी किंवा थर्माकोलचा तराफा, बर्फ, संस्थेची वर्गणी आणि रिकाम्या हाताने परतलेले दिवस धरलेले असतात. हौशी माणसाच्या हिशेबात यातले काहीच नसते. त्याचा पगार किंवा दुकान वेगळे चालू असते. त्यामुळे तो मिळेल त्या भावाला मासा देऊन टाकतो. हॉटेलवाल्याला किंवा गल्लीतल्या गिऱ्हाइकाला एकदा तो स्वस्त भाव कळला, की दुसऱ्या दिवशी तो मच्छीमाराला तोच भाव सांगतो. रविवारी दहा-बारा हौशी माणसांनी असे केले, तर आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या विक्रीच्या दिवशी घाटा कुणाला होतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या सवयीची. खाण्यासाठी मासा धरणारा माणूस दोन लागले की उठतो. विकायचे मनात असले की उठायची वेळच येत नाही. दोनाचे पाच होतात, एका गळाचे चार गळ होतात, मग कुणीतरी जाळे आणतो. बंदुकीच्या दारूने किंवा विष टाकून मासे मारण्याचे प्रकार सुरू होतात, ते विक्रीसाठीच. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून हे दोन्ही गुन्हे आहेत. घरच्या कालवणासाठी कुणी तळ्यात विष टाकत नाही.

जगात काय रीत आहे?

हा प्रश्न समुद्रकाठच्या देशांनी फार पूर्वीच सोडवला आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या मत्स्य नियंत्रण नियमांत हौसेखातर धरलेला सागरी मासा बाजारात आणायला मनाई आहे. न्यूझीलंडच्या १९९६ च्या कायद्यानुसार असा मासा विकता येत नाही आणि त्याच्या बदल्यात दुसरी वस्तूही घेता येत नाही. घरी खावा, शेजाऱ्याला द्यावा, पण व्यवहार करू नये, असा त्याचा अर्थ. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. आपल्या गावची "चार मासे देऊन टाकू" ही सवय तिथे महागात पडू शकते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. कोळी बांधव तर नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच नव्या हंगामाला लागतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांचे किमान आकार ठरवून दिले, म्हणजे त्याहून लहान मासा धरू नये. मुंबईच्या पवई तलावावर हौशी लोकांची जुनी संघटना आहे. तिचे सभासद होऊन गळ टाकता येतो. म्हणजे हौसेलाही शिस्त लावता येते.

मग सगळेच मासे परत सोडावेत का?

काही तरुण सभासदांचे म्हणणे असे की मासा धरावा, फोटो काढावा आणि सोडून द्यावा. ऐकायला हे बरे वाटते, पण गळ खोल गिळलेला किंवा तापलेल्या दगडावर तडफडलेला मासा पाण्यात सोडला तरी बरेचदा जगत नाही. फक्त सोडण्यासाठी मासा धरणे म्हणजे जिवाला विनाकारण त्रास, असे मानून स्वित्झर्लंडने २००९ पासून अशा मासेमारीला मनाई केली आहे. म्हणून दिवसभर धरायचे आणि सोडायचे, यापेक्षा खाण्यापुरते धरून गळ गुंडाळणे बरे.

तरीही काही मासे सोडलेच पाहिजेत. त्यात पहिला मान मरळीचा. तेलुगूत तिला कोर्रमीनु म्हणतात आणि तो तेलंगणाचा राज्य मासा आहे. कटला-रोहूसारखी मरळ बीजावर अवलंबून नसते. ती काठच्या उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाने स्वतः वाढते. पावसाच्या सुरुवातीला तिची तांबूस पिल्ले पाण्याच्या वरच्या थरात घोळक्याने फिरताना दिसतात. त्या घोळक्याखाली आई-बाप राखणीला असतात. ते अंगावर धावून येतात, म्हणूनच त्या वेळी गळाला सहज लागतात. पण राखणदार उचलला की शेकडो पिल्ले इतर मासे आणि पक्षी फस्त करतात. एका कालवणासाठी एक पिढी जाते.

आणि नेमकी त्याच दिवसांत मागणीही असते. मृग लागला की मासा खाण्याची तेलंगणात जुनी रीत आहे. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीच्या पिल्लातून औषध देतात, त्याला तर मोठी गर्दी लोटते. मृगाचा मासा आपणही आनंदाने खावा. पण तो बाजारातून, मच्छीमाराकडून घ्यावा. त्याला चार पैसे मिळतात आणि काठावरच्या मरळीही वाचतात.

उलट काही मासे परत सोडू नयेत. चिलापी (तिलापिया) बाहेरून आलेली आहे आणि भराभर वाढून इतरांचे खाद्य खाते. थाई मांगूर तर दुसऱ्या माशांनाच खातो. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. हे लागले तर पाण्यात परत टाकू नयेत.

आपण काय करावे?

मंडळाच्या सभासदांसाठी आम्ही पुढील गोष्टी सुचवतो :

१. तळ्यावर गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारावे. जिथे नाही म्हणतील, तिथे टाकू नये.

२. घरात एका दिवसात संपेल एवढाच मासा न्यावा. फ्रिजरसाठी धरू नये.

३. जास्त लागला तर शेजारी, नातेवाईक किंवा ओळखीच्या गरजू घरी द्यावा. त्याचे पैसे घेऊ नयेत आणि हॉटेलला देऊ नये.

४. बोटभर, वीतभर कटला-रोहू लगेच सोडावा. हात ओले करून धरावा, जमिनीवर टाकू नये. गळ खोल गेला असेल तर ओढण्यापेक्षा दोरी कापावी.

५. मृगापासून पाऊस ओसरेपर्यंत पिल्लांच्या घोळक्याजवळ गळ टाकू नये.

६. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा वागुच्या पात्रात कुणीही उतरू नये. मुलांना तर मुळीच नेऊ नये.

७. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नये. तिच्यात बगळे आणि गुरांचे पाय अडकतात.

एखाद्याला खरोखरच या कामातून मिळकत हवी असेल, तर त्यात कमीपणा काहीच नाही. त्याने परवान्याची चौकशी करावी आणि राजरोस धंदा करावा. मच्छीमाराचे कष्ट आणि जोखीम पत्करली, की भाव मागण्याचा हक्कही आपोआप येतो. नोकरी-दुकान सांभाळून रविवारी काठावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र तो हक्क सांगू नये.

भैंशात आपण मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारे पिढ्यान्पिढ्या शेजारी राहतो. मोंढ्यात एकमेकांचा कापूस घेतो-विकतो, सणावाराला एकमेकांच्या घरी जातो. रविवारी ज्या पाण्यावर आपली हौस भागते, त्याच पाण्यावर सोमवारी कुणाची तरी चूल पेटायची असते. एवढे ध्यानात ठेवले तर गळ टाकण्याची मजा कुठेही कमी होणार नाही.

या विषयावर सभासदांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, आपले विचार मंडळाकडे जरूर कळवावेत. वागुतील जुन्या माशांची मराठी आणि तेलुगू नावे कुणाला ठाऊक असतील तर तीही लिहून पाठवावीत. पुढच्या पिढीसाठी आपण ती जपून ठेवू.