विल्टचे ५० गुण आज किती भरतील?

मंडळी, ‘जॉर्डन मोठा की लेब्रॉन’ हा वाद आपल्या ‘गावस्कर की सचिन’ या वादाचाच भाऊ. तो काही आज मिटणार नाही. पण वाद घालताना आपण जे आकडे एकमेकांवर फेकतो, ते कुठून आले आणि त्यांत काय दडलंय, एवढं तरी बघू या.

सगळ्यात जास्त फेकला जाणारा आकडा विल्ट चेंबरलेनचा. १९६१-६२ च्या एनबीए हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड. हर्शी गावात एका सामन्यात १०० गुण केले, तेही याच हंगामात. आज एखाद्याची सरासरी ३५ च्या पुढे गेली तरी बातमी होते. मग विल्ट आजच्यांच्या दीडपट चांगला होता का?

आता त्या काळचा खेळ बघा. त्या हंगामात एकेक संघ सामन्याला सुमारे १०८ वेळा बास्केटकडे चेंडू मारत होता. आज हा आकडा साधारण ८९ आहे. धावपळ जास्त, घाई जास्त, आणि नेमही कमी: शंभरातले ४२-४३ फटकेच आत जायचे. जितके फटके हुकतील तितके रिबाउंड जास्त, हे उघडच आहे. म्हणून तेव्हा एका संघाला सामन्यात ७१ रिबाउंड मिळत, आज ४४ च्या आसपास. विल्टचा वाटा होता छत्तीस टक्के. आजच्या ४४ चे छत्तीस टक्के काढले तर सोळाच्या जवळपास येतात. सोळा म्हणजेही फार मोठा खेळाडू, पण ऐकून चक्कर येईल असा आकडा नाही.

हाच हिशेब गुणांना लावू. ५०.४ ला ८९ ने गुणून १०८ ने भागलं की साडेएक्केचाळीस येतात. शिवाय विल्ट सामन्याला सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. सामनाच ४८ मिनिटांचा असतो! जादा वेळेतले सामने धरून ही सरासरी वर गेली; सबंध हंगामात तो जेमतेम ८ मिनिटं बाहेर होता. आजचे तारे ३५-३६ मिनिटं खेळतात. तेवढ्या मिनिटांवर आणलं की उरतात सुमारे ३१ गुण.

बरेच विश्लेषक इथेच थांबतात आणि म्हणतात, ‘बघा, फुगा फुटला.’ आम्हाला ही शेवटची वजाबाकी पटत नाही. वेग हा त्या काळाचा होता, विल्टची कमाई नव्हे; तो वजा करणं ठीक. पण ८० सामने न बसता खेळणं हे त्याच्याच अंगातलं होतं. ते वजा केलं तर मग मोजतोय तरी काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये घोळ हंगामाच्या लांबीचा. चेंडू घेऊन धावत एका हंगामात सर्वाधिक यार्ड कापण्याचा विक्रम एरिक डिकरसनचा आहे, १९८४ सालचा २,१०५ यार्ड, पण १६ सामन्यांत. ओ. जे. सिम्पसनने १९७३ मध्ये २,००३ केले १४ सामन्यांत, आणि जिम ब्राउनने १९६३ मध्ये १,८६३, तेही १४ सामन्यांतच. सामन्यामागे काढा: सिम्पसन १४३, ब्राउन १३३, आणि विक्रमवीर डिकरसन १३२. २०२१ पासून तर हंगाम १७ सामन्यांचा झालाय.

हे सगळं निदान हिशेबात बसवता तरी येतं. जे मोजलंच नाही त्याचं काय करायचं? एनबीएत ब्लॉकची नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. बिल रसेल १९६९ मध्ये ११ विजेतेपदं घेऊन थांबला, विल्ट १९७३ मध्ये. समोरच्याचे फटके हवेत अडवण्यासाठीच हे दोघे ओळखले जात, आणि अधिकृत नोंदीत दोघांच्याही नावावर एकही ब्लॉक नाही. फुटबॉलमध्ये चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे ‘सॅक’. हा शब्द रूढ केला डीकन जोन्सने. सॅकची अधिकृत मोजणी सुरू झाली १९८२ मध्ये, जोन्सची कारकीर्द १९७४ मध्येच संपली होती. संशोधकांनी पुढे जुन्या नोंदी धुंडाळून त्याचे १७३.५ सॅक मोजले. लीगच्या पुस्तकात मात्र शून्य.

आणि ज्यांना मैदानातच येऊ दिलं नाही, ते तर कुठल्याच गणितात येत नाहीत. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. केनी वॉशिंग्टन १९३९ मध्ये कॉलेज फुटबॉल गाजवत होता, तरी त्याला एनएफएलचं दार उघडलं १९४६ मध्ये. तोवर वय २८ च्या घरात आणि गुडघे दुखावलेले. तो तीनच हंगाम खेळला. त्यातल्या दुसऱ्या हंगामात त्याने एका धावेत ९२ यार्ड कापले, आणि रॅम्स संघात तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.