ब्रेकचा लिव्हर घेताना



गिअरच्या डोंगरी सायकलवरून आपली मुले उतार उतरतात. तुटलेला ब्रेक लिव्हर बदलताना स्वस्त घ्यावा, पण ब्रेकला जुळणारा घ्यावा. दोन उंच दांड्यांच्या व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते. कॅलिपर ब्रेकचा लिव्हर ती कमी ओढतो. तो बसवला तर लिव्हर मुठीला टेकतो, सायकल थांबत नाही. उलट केले तर लिव्हर कडक लागतो, पण पकड कमी पडते. तेलाच्या डिस्क ब्रेकला केबलचा लिव्हर चालतच नाही. प्लास्टिकपेक्षा ॲल्युमिनियमचा बरा. केबलचे धागे तुटले असतील तर तीही बदलावी.

बसवल्यावर जोराने दाबून पाहा. मुठीला टेकला तर केबल आवळा. तरीही टेकला, तर मुलाला उतारावर पाठवू नका.