क्लाउड संगणनातील भारसंतुलन : विनंत्यांच्या वाटपाची रचना व दक्षता

प्रस्तावना :

परीक्षेचा निकाल ज्या दिवशी संकेतस्थळावर जाहीर होतो, त्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी तो पाहू लागतात. एकट्या सर्व्हरला हा ताण पेलत नाही, म्हणून एकसारखे अनेक सर्व्हर उभे केले जातात. परंतु केवळ संख्या वाढविल्याने प्रश्न सुटत नाही. कोणती विनंती कोणत्या सर्व्हरकडे जावी, हे ठरविणारी यंत्रणा आवश्यक असते. तिलाच लोड बॅलन्सर अर्थात भारसंतुलक म्हणतात. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने ही सेवा २००९ मध्ये सुरू केली. तिच्यातील 'अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर' हा प्रकार २०१६ मध्ये आला. त्याच्या आधारे वाटपाची रचना स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचनेचे घटक :

या रचनेत तीन घटक महत्त्वाचे आहेत. पहिला घटक 'लिसनर'. तो ठरावीक पोर्टवर, उदाहरणार्थ सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, येणारी विनंती स्वीकारतो. दुसरा घटक नियम. विनंतीतील संकेतस्थळाचे नाव किंवा पत्त्यातील मार्ग पाहून ती कोठे पाठवावी, हे नियम सांगतात. तिसरा घटक 'टार्गेट ग्रुप', म्हणजे एकच काम करणाऱ्या सर्व्हरांचा गट.

नियमांना अग्रक्रम असतो. लहान क्रमांकाचा नियम प्रथम तपासला जातो आणि जो नियम प्रथम जुळतो, तोच लागू होतो. कोणताच नियम न जुळल्यास शेवटचा मूलभूत नियम लागू होतो. म्हणून सर्व मार्गांना जुळणारा व्यापक नियम पहिल्या क्रमांकावर ठेवल्यास निकालासाठी केलेला स्वतंत्र नियम कधीच अमलात येत नाही. मार्ग लिहिताना रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांचा भेदही पाळावा लागतो.

वाटपाच्या पद्धती :

गटातील सर्व्हरांना पाळीपाळीने विनंती देणे, ही मूळ पद्धत होय. सर्व विनंत्या सारख्या वेळात पूर्ण होत असतील, तर ती पुरेशी ठरते. परंतु एक विद्यार्थी केवळ गुण पाहतो, तर दुसरा प्रवेशअर्जासोबत कागदपत्रे जोडतो. अशा वेळी संख्येने समान वाटप झाले, तरी श्रमाने ते समान होत नाही. त्यासाठी ज्या सर्व्हरकडे सर्वांत कमी विनंत्या प्रलंबित आहेत, त्याकडे नवी विनंती पाठविण्याचा पर्याय २०१९ पासून उपलब्ध आहे.

एका वापरकर्त्यास कुकीच्या साहाय्याने एकाच सर्व्हरशी बांधून ठेवण्याचीही सोय आहे. मात्र त्यामुळे भार विषम होतो. नवा सर्व्हर जोडला, तरी जुने वापरकर्ते जुन्याच सर्व्हरवर राहतात. लॉगिनची माहिती सर्व सर्व्हरांना समान असलेल्या साठ्यात ठेवणे, हा अधिक चांगला मार्ग होय.

आरोग्यतपासणी :

संपूर्ण व्यवस्थेची विश्वसनीयता आरोग्यतपासणीवर अवलंबून असते. भारसंतुलक प्रत्येक सर्व्हरला ठरावीक अंतराने एक लहानशी विनंती पाठवितो. मूळ मांडणीत हे अंतर ३० सेकंदांचे असून लागोपाठ दोन तपासण्या फसल्यास सर्व्हर अस्वस्थ ठरतो. म्हणजेच बिघाड लक्षात येण्यास सुमारे एक मिनिट लागू शकते आणि तोवर काही विनंत्या वाया जातात.

कोणते पान तपासावे, हा खरा विवेकाचा प्रश्न आहे. साधे स्थिर पान तपासल्यास विदागाराशी संपर्क तुटलेला सर्व्हरही निरोगी भासतो. याउलट तपासणी पूर्णतः विदागारावर अवलंबून ठेवली आणि विदागार मंदावले, तर सर्व सर्व्हर एकदम अस्वस्थ ठरतात. नोंदलेले सर्वच सर्व्हर अस्वस्थ असतील, तेव्हा भारसंतुलक पुन्हा सर्वांकडेच विनंत्या पाठवू लागतो. त्यात स्वयंचलित विस्तारयंत्रणा याच तपासणीशी जोडलेली असेल, तर ती चालते सर्व्हर बंद करून नवे उभारू लागते. अशा रीतीने मूळ दोष विदागारात असताना आघात सर्व्हरांवर होतो. म्हणून सर्व्हर स्वतः काम करण्यास समर्थ आहे काय, एवढेच तपासणीने विचारावे. विदागारावर स्वतंत्र देखरेख ठेवावी.

सर्व्हर काढताना :

दुरुस्तीसाठी सर्व्हर गटातून काढला, तरी त्यावरील चालू विनंत्या पूर्ण होण्यास अवधी दिला जातो. तो मूलतः ३०० सेकंदांचा असतो. हा अवधी फार कमी केल्यास अर्धवट भरलेला अर्ज मध्येच तुटतो.

समारोप :

भारसंतुलक सर्व्हरांची शक्ती वाढवीत नाही. तो उपलब्ध शक्तीचे न्याय्य वाटप करतो. नियमांचा क्रम, वाटपाची पद्धत व आरोग्यतपासणी यांपैकी एकातही चूक झाली, तर दहा सर्व्हर असूनही विद्यार्थ्यासमोर कोरे पानच येते. प्रवेशाची मुदत ठरावीक वेळी संपते, हे लक्षात घेता त्या कोऱ्या पानाची किंमत एका वर्षाइतकी असू शकते. म्हणून महाविद्यालयांनी ही मांडणी केवळ सेवापुरवठादारावर न सोपविता, निकालाच्या दिवसापूर्वी एक सर्व्हर हेतुतः बंद करून तिची परीक्षा घेणे इष्ट ठरेल.