पनवेलजवळ बिबट्या दिसतो, म्हणजे जंगल ठणठणीत आहे का?

पनवेल परिसरात बिबट्या दिसल्याचा व्हिडीओ व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वनविभाग पिंजरा कधी लावणार? हा बिबट्या खातो काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खरी गोम तिथेच आहे.

पनवेलच्या दक्षिणेला कर्नाळा अभयारण्य आहे. जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्यातूनच जातो. त्याची ओळख पक्ष्यांमुळे, पण भेकर, रानडुक्कर, माकडं आणि बिबट्याचाही इथे वावर आहे. बिबट्यांसाठी एवढी जागा काही फार नाही. प्रबळगड-माथेरानच्या डोंगरांकडे जायचं तर मध्ये एक्स्प्रेसवे आडवा येतो.

कुत्र्यांवर कोण जगतं?

शास्त्रज्ञांचा एक ढोबळ हिशोब आहे: ९० किलो वजनाच्या शिकारी प्राण्यामागे सुमारे १० हजार किलो वजनाचं भक्ष्य जंगलात असावं लागतं. भक्ष्य घटलं की शिकारीही घटतो. बिबट्या या नियमातून पळवाट काढतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या २०१५ च्या अभ्यासात त्याच्या आहाराचा जवळपास पाव हिस्सा कुत्र्यांचा निघाला. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात, जिथे रानटी भक्ष्य नावालाच आहे, तिथे हा वाटा ३९ टक्के होता.

म्हणूनच २०२२ च्या अंदाजानुसार राज्यात १,९८५ बिबटे आहेत, यावरून जंगल भरलेलं आहे असं म्हणता येत नाही.

वाघाला ही सोय नाही. त्याला वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं लागतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला, पण तिथे बराच काळ वाघ टिकले नाहीत. तृणभक्षी प्राण्यांची कमतरता हे त्यामागचं मोठं कारण. त्यामुळे आधी सागरेश्वरमधून चितळ आणले गेले आणि २०२५ च्या अखेरीस ताडोबातली वाघीण चांदोलीत सोडली गेली. आधी ताट, मग पाहुणा!

हवामान बदलाचा संबंध काय?

उष्णता थेट बिबट्याला मारत नाही, ती आधी भेकर-सांबरांना गाठते. कोकणात पाऊस धो-धो पडला तरी डोंगरातले ओढे उन्हाळ्यात आटतात. उन्हाळा लांबला, पाऊस उशिरा आला, वणवा लागला, की चारा आणि पाणी दोन्ही जातं. अरबी समुद्रातली चक्रीवादळंही वाढली आहेत. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ने रायगडमध्ये असंख्य झाडं पाडली. वाळलेलं लाकूड वणव्याला आयतं सरपण ठरतं. मोठ्या जंगलात प्राणी दुसरीकडे सरकतात. कर्नाळ्यासारख्या तुकड्यात सरकायला जागाच नाही.

मग उरते वस्ती. उघड्यावर कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या.

पिंजऱ्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर हल्ले थांबले नाहीत. जुन्नरच्या अभ्यासात तर ते वाढलेले दिसले. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो, कारण कचरा आणि कुत्री तिथेच असतात. त्यातला कचरा उचलणं वनविभागाच्या नव्हे, महापालिका आणि ग्रामपंचायतींच्या हातात आहे.